गूगलचं प्रमाणपत्र, घरबसल्या

गो ही प्रोग्रामिंगची भाषा गूगलमध्ये जन्मली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. भाषेबरोबर जो तयार कोडचा संच मिळतो, त्यात ‘क्रिएट-सर्टिफिकेट’ नावाचं एक फंक्शन आहे. त्याला पाच गोष्टी पुरवाव्या लागतात: यादृच्छिक आकड्यांचा स्रोत, प्रमाणपत्राचा मसुदा, सही करणाऱ्याचं स्वतःचं प्रमाणपत्र, ज्याला प्रमाणपत्र द्यायचं त्याची सार्वजनिक किल्ली आणि सही करणाऱ्याची खासगी किल्ली. एवढं दिलं की ते काही शे बाइट्स परत करतं. ते बाइट्स म्हणजेच डिजिटल प्रमाणपत्र.

मसुद्यात संकेतस्थळाच्या नावाच्या जागी ‘गूगल डॉट कॉम’ लिहिलं तरी हे फंक्शन हूं की चूं करत नाही. तुम्ही कोण, गूगलशी तुमचा संबंध काय, असं काहीही न विचारता ते मुकाट्याने सही करून कागद हातात देतं. साध्या लॅपटॉपवर, डोळ्याचं पातं लवायच्या आत, गूगलच्या नावाचं आणि रचनेत कुठेही खोट काढता येणार नाही असं प्रमाणपत्र तयार होतं. आणि त्याचा उपयोग शून्य असतो. तसा तो का असतो, हे कळलं की इंटरनेटवरचा सगळा विश्वासाचा कारभार कळला असं समजायला हरकत नाही.

डिजिटल सहीसाठी किल्ल्यांची जोडी लागते. खासगी किल्लीने सही करायची, सार्वजनिक किल्लीने ती तपासायची. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही कल्पना मांडली, तेव्हा सार्वजनिक किल्ल्या ठेवण्यासाठी एखादी सर्वांना पाहता येईल अशी नोंदवही असावी, असं त्यांनी सुचवलं होतं. टेलिफोन डिरेक्टरीच्या काळातली ती कल्पना. पण प्रत्येक वेळी त्या वहीकडे धाव घ्यायची, तर वही सांभाळणाऱ्याचं यंत्र कोलमडणार, आणि वहीत कुणी खाडाखोड केली तर सगळ्यांचीच फसगत होणार. १९७८ मध्ये एमआयटीत पदवीचा विद्यार्थी असलेल्या लोरेन कोनफेल्डरने आपल्या प्रबंधात यावर तोड काढली. नोंदवहीतली प्रत्येक ओळ सुटी करायची, तिच्यावर वही सांभाळणाऱ्याने सही करायची आणि ज्याची ती ओळ त्याच्याच हवाली करायची. मग तो ती खुशाल खिशात घेऊन फिरेल आणि मागेल त्याला दाखवेल. वहीकडे जायचं कारणच उरलं नाही. आज आपण ज्याला डिजिटल प्रमाणपत्र म्हणतो ते हेच. पुढे १९८८ मध्ये त्याचा ‘एक्स डॉट ५०९’ नावाचा आंतरराष्ट्रीय साचा ठरला. त्यात भर पडत गेली, पण साचा आजही तोच आहे.

आता आपल्या फंक्शनकडे. त्याने मागितलेल्या पाच गोष्टींत सगळ्यात मोठा ऐवज मसुद्यात आहे, म्हणून आधी तो घेऊ.

मसुद्यातला पहिला रकाना अनुक्रमांकाचा. नवशिका प्रोग्रामर इथे ‘१’ लिहून मोकळा होतो. इंटरनेटवरचे नमुन्याचे कोडही पुष्कळदा तेच शिकवतात. एके काळी प्रमाणपत्रं विकणाऱ्या कंपन्याही क्रमानेच आकडे देत: आधीच्या गिऱ्हाइकाला अमुक, पुढच्याला त्याहून एक जास्त. त्यात वाईट काय, हे ३० डिसेंबर २००८ रोजी बर्लिनमधल्या हॅकरांच्या वार्षिक संमेलनात सात संशोधकांनी जगाला दाखवलं.

त्या काळी काही कंपन्या सही करण्यापूर्वी मजकुराचा ठसा काढायला एमडी५ ही जुनी पद्धत वापरत होत्या. सही कधीच सगळ्या मजकुरावर होत नसते, ती त्याच्या ठशावर होते. दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच निघाला, तर एकावर केलेली सही दुसऱ्यालाही चिकटवता येते. एमडी५मध्ये असे जुळे मजकूर घडवता येतात हे २००४ पासून माहीत होतं. अडचण एवढीच, की त्यासाठी कंपनी प्रमाणपत्रात नेमकं काय लिहिणार हे अक्षरन् अक्षर आधी माहीत हवं. नाव आणि किल्ली अर्जदारच देतो, म्हणजे ती माहीतच असतात. उरला अनुक्रमांक आणि वेळ. ज्या कंपनीला त्यांनी गाठलं तिचे क्रमांक एकापुढे एक चालले होते, आणि बटण दाबल्यापासून ठरावीक सेकंदांनी प्रमाणपत्र निघत होतं. संशोधकांनी शनिवार-रविवारची रात्र निवडली, कारण तेव्हा गिऱ्हाइकं कमी असतात आणि आकडा कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येतो. लोझानच्या विद्यापीठातली सुमारे २०० प्लेस्टेशन-३ खेळयंत्रं एकत्र जोडून त्यांनी जुळे मजकूर घडवले. एक साध्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र, त्यावर कंपनीने रीतसर सही केली. दुसरं चक्क प्रमाणपत्रं वाटण्याचा अधिकार देणारं, त्यावर तीच सही उचलून लावली. गैरवापर होऊ नये म्हणून दुसऱ्याची मुदत त्यांनी मुद्दाम २००४ मध्येच संपलेली ठेवली होती.

एमडी५ त्यानंतर हद्दपार झालं. पण धडा अनुक्रमांकालाही लागू झाला. आज ब्राउझरवाले आणि प्रमाणपत्रवाले यांच्या मंचाचा नियम आहे की अनुक्रमांकात किमान ६४ बिट अंदाज बांधता न येणारे असले पाहिजेत. नियम किती काटेकोर पाळायचा, तर २०१९ मध्ये एका प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये ६४ ऐवजी ६३ बिट निघतात असं लक्षात आलं. क्रमांक धन असावा लागतो, म्हणून सर्वांत वरचा बिट कायम शून्य राहत होता. त्या एका बिटापायी जगभरच्या लाखो प्रमाणपत्रांची अदलाबदल करावी लागली. प्रत्यक्ष धोका जवळपास नव्हताच, तरीही केली. हा आटापिटा मला अवाजवी वाटत नाही. एकदा ‘इतकं चालतं’ म्हटलं की पुढच्या वेळी कुठे थांबायचं ते कोण ठरवणार?

तेव्हा आपल्या कोडमध्ये ‘१’ नको. १२८ बिटांचा यादृच्छिक आकडा घ्यावा. एका ओळीचं काम आहे.

पुढचे दोन रकाने मुदतीचे: ‘या क्षणाआधी नाही’ आणि ‘या क्षणानंतर नाही’. पहिल्यात ‘आत्ता’ लिहिलं तर एक गंमत होते. ज्या मशीनचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे, त्याच्या मते हे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ते नाकारलं जातं. ‘माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का नाही’ या सनातन वादाचं हे एक कारण. म्हणून जाणकार प्रोग्रामर सुरुवातीची वेळ तासभर मागे ठेवतात. दुसऱ्या रकान्याकडे आपल्याला शेवटी परत यायचं आहे.

मग नाव. जुन्या साच्यात माणसाचं किंवा संस्थेचं ‘सामान्य नाव’ लिहायला जागा होती आणि संकेतस्थळाचा पत्ता त्यातच कोंबायची रीत पडली. पुढे पत्त्यांसाठी वेगळी यादी आली, एका प्रमाणपत्रात अनेक पत्ते मावू लागले, पण जुनी खोड जाईना. क्रोमने २०१७ मध्ये जुन्या जागेकडे पाहणं बंद केलं आणि गो भाषेने ऑगस्ट २०२० च्या १.१५ या आवृत्तीत. त्या दिवसांत कितीतरी कंपन्यांच्या आतल्या यंत्रणा अचानक अडल्या, कारण त्यांची प्रमाणपत्रं वर्षानुवर्षं जुन्या पद्धतीने बनत होती. तात्पर्य, कोडमध्ये ‘डीएनएस-नेम्स’ हा रकाना भरायचा. नुसतं सामान्य नाव भरून भागत नाही.

यानंतरचा रकाना दिसायला किरकोळ आणि परिणामाने सगळ्यांत भयंकर. ‘इज-सीए’: हो किंवा नाही. हे प्रमाणपत्र ज्याच्याकडे आहे त्याला इतरांच्या प्रमाणपत्रांवर सही करायचा अधिकार आहे की नाही? गोमध्ये या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ द्यायचं, तर त्याच्या शेजारचा ‘बेसिक-कन्स्ट्रेंट्स-व्हॅलिड’ हा रकानाही ‘हो’ करावा लागतो. नाहीतर ते कलम प्रमाणपत्रात उमटतच नाही आणि प्रोग्रामर दुपारभर डोकं धरून बसतो.

२००२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक या सुरक्षा-संशोधकाच्या लक्षात आलं, की इंटरनेट एक्सप्लोरर हा रकाना तपासतच नाही. म्हणजे आपल्या छोट्याशा संकेतस्थळासाठी थोडे पैसे भरून कुणीही एक साधं प्रमाणपत्र घ्यावं, आणि त्याच्या किल्लीने बँकेच्या नावाच्या प्रमाणपत्रावर सही ठोकावी. ब्राउझर सह्यांची साखळी वरपर्यंत तपासायचा, प्रत्येक सही खरी निघायची आणि कुलूपचिन्ह झळकायचं. मधल्या कडीला सही करायचा अधिकारच नव्हता, हे विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. चूक वाचणाऱ्याकडून होते तशी लिहिणाऱ्याकडूनही होते. तुर्कस्तानातल्या टर्कट्रस्ट या प्रमाणन संस्थेने २०११ मध्ये दोन गिऱ्हाइकांना साध्या प्रमाणपत्रांऐवजी चुकून सहीचा अधिकार असलेली प्रमाणपत्रं दिली. सव्वा वर्षाहून अधिक काळ कुणाला पत्ता नव्हता. डिसेंबर २०१२ मध्ये त्यातल्या एकाने सही केलेलं गूगलच्या नावाचं प्रमाणपत्र क्रोम ब्राउझरला दिसलं, तेव्हा प्रकार उघडकीला आला. एका रकान्यात ‘नाही’च्या जागी ‘हो’ पडलं, एवढंच घडलं होतं.

मसुदा झाला. आता यादृच्छिक आकड्यांचा स्रोत. फंक्शनच्या यादीत तो पहिला आहे आणि बहुतेक जण डोळे झाकून तिथे गोचा तयार स्रोत देतात. ते योग्यच आहे. गोमध्ये या कामाची दोन पॅकेजेस आहेत, नावं जवळपास सारखी: एक गणिताच्या खणात, खेळ आणि नमुने यांसाठी, दुसरं क्रिप्टोच्या खणात. इथे दुसरंच हवं. चुकीचा स्रोत काय करू शकतो, हे डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध वाणाने दाखवून दिलं आहे. २००६ मध्ये तिथल्या एका देखभालकर्त्याने किल्ल्या बनवणाऱ्या ओपन-एसएसएल या सॉफ्टवेअरच्या कोडमधल्या ओळी काढून टाकल्या, कारण तपासणीचं साधन त्यांच्याबद्दल कुरकुर करत होतं. त्या ओळींबरोबर यादृच्छिकताच गेली. उरला फक्त प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड होईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या इतक्या मोजक्या होत्या की सगळ्यांची यादी करून एखाद्या डिस्कवर ठेवता यावी. त्या काळात काढलेली प्रमाणपत्रं वरवर पाहता निर्दोष होती. दोष त्यांच्यात लिहिलेलाच नव्हता, तो किल्लीच्या जन्मात होता.

राहिल्या तीन गोष्टी, आणि खरी मेख त्यांच्यात आहे. सही करणाऱ्याचं प्रमाणपत्र, अर्जदाराची सार्वजनिक किल्ली, सही करणाऱ्याची खासगी किल्ली. नीट पाहा: दोन किल्ल्या आहेत, पण त्या एका जोडीतल्या नाहीत. सार्वजनिक आहे ती घेणाऱ्याची, खासगी आहे ती देणाऱ्याची. पहिल्यांदा हे फंक्शन वापरणारा इथे हटकून अडखळतो आणि एकाच जोडीतल्या दोन्ही देऊन मोकळा होतो. पूर्वी गो अशा वेळी निरुपयोगी प्रमाणपत्र बनवून देत असे. अलीकडच्या आवृत्त्या खासगी किल्ली सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्राशी जुळत नसेल तर तिथल्या तिथे थांबवतात.

आत काय घडतं? मसुदा आणि अर्जदाराची सार्वजनिक किल्ली एका ठरलेल्या क्रमाने बाइट्समध्ये मांडली जाते. त्या बाइट्सचा ठसा काढला जातो, आता एमडी५ने नव्हे, बहुधा एसएचए-२५६ने. त्या ठशावर देणाऱ्याच्या खासगी किल्लीने सही होते. मग मजकूर, सहीच्या पद्धतीचं नाव आणि सही, असे तीन तुकडे एकात बांधले जातात. संपलं. यात सत्यासत्याची तपासणी कुठेही नाही. सही एवढंच सांगते की ही किल्ली ज्याच्याकडे होती, त्याच्या हातून हा मजकूर गेला.

आणि जर देणाऱ्याचं प्रमाणपत्र म्हणून मसुदाच पुन्हा दिला, तर? गोचं दस्तऐवजीकरण स्पष्ट सांगतं, की तसं केलं तर प्रमाणपत्र स्वस्वाक्षरित होतं. स्वतःच्या रहिवासाचा दाखला स्वतः टाइप करून त्यावर स्वतःच गोल शिक्का मारावा, तसा हा मामला. सुरुवातीला आपण बनवलेलं गूगलचं प्रमाणपत्र हेच. पण ऐकून नवल वाटेल, जगातली सगळ्यांत प्रतिष्ठित प्रमाणपत्रंसुद्धा अशीच असतात. साखळी वर वर चढत गेली की शेवटी कुणीतरी असा येतो, ज्याच्यावर सही करायला त्याच्यावर कुणी नाही. त्याला मूळ प्रमाणपत्र म्हणतात. ते स्वतःच स्वतःवर सही करतं. तुमचं प्रमाणपत्र आणि एखाद्या नामांकित संस्थेचं मूळ प्रमाणपत्र यांत बाइट्सच्या पातळीवर काहीही डावं-उजवं नाही. फरक एवढाच की तिचं प्रमाणपत्र विंडोज, ॲपल, मोझिला, गूगल यांच्या विश्वासयादीत आहे, आणि तुमचं नाही.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर ई-आधारची पीडीएफ संगणकावर ॲडोबी रीडरमध्ये उघडा. सहीच्या जागी पुष्कळदा पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं: सहीची वैधता अज्ञात. लोक घाबरतात, कागद बनावट आहे की काय असं वाटतं. प्रत्यक्षात सहीचं गणित बरोबर असतं, मजकुरात बदल झालेला नसतो. भारताच्या प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र तेवढं त्या रीडरच्या विश्वासयादीत नसतं. ते यादीत घातलं, सही पुन्हा तपासायला सांगितली, की त्याच फाइलवर हिरवी खूण येते. फाइलचा एक बाइटही बदललेला नसतो.

बाइट्सचा विषय निघालाच आहे तर फाइल एकदा उघडून पाहू. प्रमाणपत्राची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली की वर पाच आडव्या रेघा, ‘बिगिन सर्टिफिकेट’, पुन्हा पाच रेघा, आणि खाली अगम्य अक्षरांच्या चौसष्ट-चौसष्टच्या ओळी दिसतात. ती अक्षरं जवळजवळ नेहमी एम-आय-आय अशीच सुरू होतात, प्रमाणपत्र बँकेचं असो की तुमचं. कारण पहिले दोन बाइट्स सांगतात, ‘पुढे एक गठ्ठा आहे आणि त्याची लांबी दोन बाइट्समध्ये लिहिली आहे’, आणि हेच वाक्य अक्षरांत उतरवलं की एम-आय-आय होतं. या वेष्टनाला पेम म्हणतात. ते १९९० च्या दशकात खासगी ईमेलसाठी घडवलं गेलं होतं. ती ईमेल योजना बारगळली, वेष्टन मात्र जगभर राहिलं.

आतापर्यंत आपण दोन्ही किल्ल्या एकाच प्रोग्रॅममध्ये असल्यासारखं बोललो. प्रत्यक्षात अर्जदाराने आपली खासगी किल्ली कधीही कुणाला द्यायची नसते. तो आपल्या मशीनवर जोडी बनवतो, सार्वजनिक किल्ली आणि हवी ती नावं एका अर्जात घालतो, त्या अर्जावर स्वतःच्या खासगी किल्लीने सही करतो आणि फक्त अर्ज पाठवतो. ती सही एवढंच सिद्ध करते की जोडीतली दुसरी किल्ली याच्याकडे आहे. गोमध्ये यासाठीही तयार फंक्शन आहे, आणि घेणाऱ्या बाजूला अर्जाची सही तपासणारं दुसरं. इथे सल्ला एकच: अर्जातले रकाने जसेच्या तसे मसुद्यात ओतू नका. अर्जदाराने ‘इज-सीए’पुढे ‘हो’ लिहून पाठवलं असेल, तर ते तुमच्या सहीनिशी बाहेर पडेल. अर्जातून किल्ली घ्यावी, नावं तपासून घ्यावीत, बाकी मसुदा आपण लिहावा. आणि खासगी किल्ल्या दुसऱ्याकडे साठल्या की काय होतं? फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्रस्टिको या ब्रिटिश विक्रेत्याने आपल्या गिऱ्हाइकांच्या सुमारे २३,००० खासगी किल्ल्या चक्क ईमेलने डिजिसर्ट या प्रमाणन संस्थेला पाठवल्या. त्या किल्ल्या विक्रेत्याकडे असायलाच नको होत्या. ईमेल आल्यावर ती सगळी प्रमाणपत्रं रद्द करावी लागली.

मग विश्वासयादीतल्या संस्थेचं नेमकं काम काय? फंक्शन तिच्याकडेही हेच. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना फुकट प्रमाणपत्रं देते, २०२० च्या फेब्रुवारीत तिने १ अब्जावं प्रमाणपत्र दिलं. तिचं बोल्डर नावाचं सॉफ्टवेअर गोमध्येच लिहिलेलं आहे आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. तो वाचला तर सही करायच्या ओळी अगदी थोड्या आणि सहीपूर्वीच्या चौकशीच्या ओळी ढीगभर दिसतात. तुम्ही म्हणता ते संकेतस्थळ तुमच्या ताब्यात आहे ना? मग आम्ही सांगू तो मजकूर तिथल्या ठरलेल्या जागी ठेवून दाखवा. तो मजकूर मग इंटरनेटच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वाचून पाहिला जातो, म्हणजे एखाद्या वाटेवर कुणी दबा धरून बसला असेल तरी फसगत होऊ नये. शिवाय मूळ किल्ली कधी रोजच्या वापरात नसते. ती नेटला न जोडलेल्या कुलूपबंद यंत्रात राहते आणि रोजच्या सह्या मधल्या प्रमाणपत्राच्या किल्लीने होतात.

ही चौकशी किंवा हा बंदोबस्त ढिला पडला की जे होतं, त्याचे दोन दाखले. २०११ मध्ये नेदरलँड्समधली डिजिनोटार ही संस्था हॅक झाली. घुसखोराने तिच्या किल्ल्यांनी ५०० हून अधिक खोट्या प्रमाणपत्रांवर सह्या करून घेतल्या, त्यात गूगलच्या सगळ्या पत्त्यांना चालणारं एक होतं. ते इराणमधल्या लोकांचं जीमेल चोरून वाचण्यासाठी वापरलं गेलं. सह्या अस्सल होत्या, म्हणून ब्राउझर गप्प बसले. क्रोममध्ये मात्र ‘गूगलचं प्रमाणपत्र अमुक संस्थांचंच असेल’ असं आधीच कोरून ठेवलं होतं, आणि त्यामुळे भांडं फुटलं. डच सरकारची कितीतरी कामं याच संस्थेच्या प्रमाणपत्रांवर चालत होती. ब्राउझरांनी तिचं नाव यादीतून काढलं आणि सप्टेंबरमध्ये संस्थेचं दिवाळं निघालं.

दुसरा दाखला आपल्याच देशातला. जुलै २०१४ मध्ये गूगलला आपल्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं आढळली. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, मधल्या प्रमाणपत्रांनी सही केलेली होती. त्यांच्यावर भारताच्या नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र होतं, आणि ते विंडोजच्या विश्वासयादीत होतं. फायरफॉक्सच्या यादीत नव्हतं, म्हणून फायरफॉक्स वापरणारे वाचले. नियंत्रकांनी एनआयसीची ती मधली प्रमाणपत्रं लगेच रद्द केली आणि चार प्रमाणपत्रं चुकीने गेल्याचं सांगितलं. त्या चारांबाहेरचीही आपल्याला माहीत आहेत, असं गूगलने जाहीरपणे म्हटलं. त्यानंतर क्रोमने भारताच्या त्या मुळाला सरकारी आणि शैक्षणिक पत्त्यांसह मोजक्या भारतीय पत्त्यांपुरतं बांधून टाकलं. कायद्याने या संस्था तशाच अधिकृत राहिल्या. मात्र कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवण्याचा व्यावहारिक अधिकार ब्राउझर बनवणाऱ्या तीन-चार कंपन्यांकडे आहे, हे त्या आठवड्यात लख्ख दिसलं. त्यात आनंद मानावा असं काही नाही, पण वस्तुस्थिती ती आहे. आता बाहेर पडणारं प्रत्येक प्रमाणपत्र जाहीर नोंदवह्यांत चढवावं लागतं. एप्रिल २०१८ नंतर काढलेलं आणि तशी नोंद नसलेलं प्रमाणपत्र क्रोम मानत नाही. कोनफेल्डरने रद्दबातल केलेली नोंदवही चाळीस वर्षांनी पहारेकरी म्हणून परत आली.

आता मुदतीच्या दुसऱ्या रकान्याकडे. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक प्रमाणपत्र कुणाच्या लक्षात न येता संपलं आणि ब्रिटनमधल्या ओ-टू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट दिवसभर बंद पडलं. हे ऐकून मुदत लांब ठेवावी असं वाटेल, पण जग उलट्या दिशेने निघालं आहे. दहा वर्षांची मुदत असली की बदलायचं कसं हेच लोक विसरतात, आणि चोरीला गेलेली किल्लीही तितकीच वर्षं चालते. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आली. ठरल्याप्रमाणे १५ मार्च २०२६ पासून ती २०० दिवस, २०२७ च्या १५ मार्चपासून १०० आणि २०२९ च्या १५ मार्चपासून ४७ दिवस. दीड महिन्याला एक प्रमाणपत्र हाताने बदलणं कुणाही माणसाकडून व्हायचं नाही. ते प्रोग्रॅमनेच व्हायला हवं, आणि म्हणूनच हे फंक्शन माहीत असणं आता हौशीचं काम राहिलेलं नाही.

तेव्हा स्वतः करून पाहाच. स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बनवा, त्याने एक साधं प्रमाणपत्र बनवा, आणि छोटा सर्व्हर चालवून ब्राउझरने उघडा. आधी इशारा येईल. मूळ प्रमाणपत्र विश्वासयादीत घाला, इशारा जाईल. हेच काम आयतं हवं असेल तर फिलिप्पो वाल्सोर्दाचं एमके-सर्ट हे गोमध्येच लिहिलेलं साधन आहे.

फक्त हे मूळ तुमच्या मशीनवर आहे तोवर त्याची खासगी किल्ली ज्याच्या हाती पडेल तो तुमच्यापुढे कुठल्याही बँकेचं सोंग आणू शकतो. लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाच्या जाहिरातबाज सॉफ्टवेअरने असं मूळ घातलं होतं, सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच किल्ली, आणि तीही लॅपटॉपमध्येच. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका संशोधकाने तिचा पासवर्ड काही तासांत शोधून काढला. म्हणून मसुद्यातल्या ‘परवानगी असलेले पत्ते’ या रकान्यात आपल्या चाचणीच्या पत्त्याशिवाय दुसरं काही नको. मुदत थोड्या दिवसांची ठेवा. किल्लीची फाइल कोडबरोबर गिटहबवर चढवू नका. आणि प्रयोग संपला की आपलं मूळ प्रमाणपत्र विश्वासयादीतून आठवणीने काढून टाका.